सिग्नल लाल असताना

लाइपझिग, ११ मे १९९२

प्रिय एल्के,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि उभ्याउभ्या वाचून काढलं. बटाट्यांची पिशवी हातातच होती. माझा चेहरा बघून वरच्या मजल्यावरच्या क्लेमबाईंना वाटलं, कोणी गेलं की काय. मी म्हटलं, "अहो, कोणी गेलं नाही, येतंय! माझा नातू येतोय!" त्या बिचाऱ्या खाली येऊन माझ्या गळ्यात पडल्या, पिशवीसकट.

तर फिंग्स्टनच्या सणाच्या सुट्टीत माझा होल्गर माल्टेला शुक्रवारी माझ्याकडे सोडणार, स्वतः ड्रेस्डेनला कामाला जाणार आणि सोमवारी त्याला परत नेणार. ठरलं. आता तू माघार घेऊ नकोस. त्या पोराला मी आजवर एकदाच पाहिलंय, बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या वर्षी, तुमच्या घरी. सगळा वेळ तो टेबलाखाली बसून होता आणि माझ्या वाट्याला फक्त त्याचे मोजे आले.

तू विचारतेस, लाइपझिगमध्ये लहान मुलांसाठी काही आहे का. अगं, आमच्याकडेही मुलं जन्माला येतात! आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या सिंहांचं नाव तुमच्या म्युन्स्टरपर्यंत पोचलं नसेल तर दोष सिंहांचा नाही. शिवाय लढाईचं मोठं स्मारक आहे, त्याच्या आतला जिना इतका अरुंद की मुलांना वाटतं आपण राक्षसाच्या नाकातून चढतोय. बाहुल्यांचा खेळ आहे. बागेत पाय बुडवून खेळायचं तळं आहे. पाऊस आला तर रेल्वे स्टेशन आहे, तिथे तर दिवसभर करमतं, आणि करमणुकीला तिकीट नाही.

आणि मी आहे. बालवाडीत तीस वर्षं काढली मी. एक लांब दोरी, दोरीला कड्या, प्रत्येक कडीला एक मूल, पुढे मी. अशी वरात घेऊन मी अख्खं शहर पालथं घातलंय. एकही मूल हरवलं नाही. मूल सोड, एखाद्याचा हातमोजासुद्धा नाही.

उन्हाळ्याचं मी आत्ता काही बोलत नाही. बाळ येईपर्यंत डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलंय, तेव्हा सहा आठवडे माल्टे माझ्याकडे राहील, असं होल्गरने सुचवलं आणि तू गप्प बसलीस, हे त्याने मागे ड्रेस्डेनला जाताना इथे थांबला तेव्हा मला सांगितलंय. मला राग नाही. आधी हे तीन दिवस होऊ देत.

तुझी,
ओर्ट्रुड

ता. क. फोन अजून आलेला नाही. भिंतीच्या काळात अर्ज केला होता. भिंत गेली, अर्ज आहे तिथेच आहे. तेव्हा पत्रावरच भागवू.


म्युन्स्टर, १८ मे १९९२

प्रिय सासूबाई,

मी माघार घेत नाहीये. फक्त काही गोष्टी आधीच लिहिते, म्हणजे नंतर कोणाला वाईट वाटायला नको.

माल्टे कच्च्या खिम्याचा पाव खात नाही. म्हणजे खाईल, पण देऊ नका. उन्हात टोपी लागते. झोपताना दार थोडं उघडं ठेवावं लागतं, पूर्ण उघडं चालत नाही, नेमकं किती ते तो स्वतः दाखवेल.

हे सगळं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. पण दोन गोष्टी चालणार नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे, मी मुलांच्या रुग्णालयात अपघात विभागात नर्स आहे. तिथे काय काय येतं ते मी घरी कधी सांगत नाही, तुम्हालाही सांगत नाही. पण त्यामुळे आमच्या घरी सिग्नलचा नियम कडक आहे. रस्ता रिकामा असो, पाऊस असो, बस सुटत असो, हिरवा माणूस दिसल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. माल्टेच्या समोर तर नाहीच नाही.

दुसरं म्हणजे, तो चुकून हरवलाच तर त्याला शिकवलंय: जिथे हरवलास, तिथेच थांब. हलायचं नाही, शोधायला जायचं नाही. हा नियम त्याच्या अंगात भिनलाय. तुम्ही दुसरं काही शिकवून गोंधळ करू नका, एवढीच विनंती.

उन्हाळ्याबद्दल मी गप्प बसले, कारण मला काय वाटतं तेच मला कळत नव्हतं. माझ्या आईनेही त्याला ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. तिच्या घरात उड्या मारायला बंदी आहे आणि गालिच्यावर बूट चालत नाहीत, पण ती जवळ राहते. हे तीन दिवस झाले की ठरवू.

सामानात त्याचा कापडी गेंडा आहे. त्याला धुऊ नका.

तुमची,
एल्के


लाइपझिग, ९ जून १९९२

प्रिय एल्के,

गेंडा धुतला नाही. त्याच्यावर चेरीचा रस सांडला, तो मी नुसता टिपला. खरं सांगायचं तर आता तो आधीपेक्षा बरा दिसतो.

काय गोड पोर दिलंस गं तू! शुक्रवारी आला तेव्हा टेबल बघून ठेवलं, बसायची वेळ आली तर कुठे बसायचं ते. पण मी चक्क्याच्या गोड टिक्क्या तळायला घेतल्या आणि वास गेला तसा हळूहळू स्वयंपाकघरात आला. नऊ खाल्ल्या. मग मला म्हणाला, "तुझ्याकडे अजून पीठ आहे, मी बघितलंय."

शनिवारी स्मारकावर गेलो. जिन्यात त्याने मला ढकलत वर नेलं आणि वरून म्हणाला, "इथून म्युन्स्टर दिसत नाही. धूर आहे." मी म्हटलं, तो धूर नाही, ते अंतर आहे. त्याला पटलं नाही. रविवारी सकाळी बाहुल्यांचा खेळ होता. आम्ही इतक्या आधी जाऊन बसलो की बाहुल्यावाला अजून कुलूपच उघडत होता. त्याने माल्टेला राजाच्या हातात काठी द्यायचं काम दिलं. दुपारी सिंह. सिंह झोपले होते. माल्टेने त्यांना माफ केलं.

आमच्याकडच्या सिग्नलमधला हिरवा माणूस बघून तो थबकलाच. "याच्या डोक्यावर हॅट आहे," म्हणाला. "आमच्याकडच्याला नसते. मग हा खरा आहे का?" तीनदा हिरवा होऊन गेला, साहेब विचार करतायत! मागची माणसं आम्हाला वळसा घालून गेली. शेवटी एका पोलिसाला विचारून खात्री केली, तेव्हा कुठे आम्ही पलीकडे गेलो. तुझ्या शिकवणीला तोड नाही हो.

ट्रॅम तर त्याला इतकी आवडली की शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आला. घरी निघताना मी विचारलं, सगळ्यात काय आवडलं? सिंह नाहीत, स्मारक नाही, राजा नाही. "ट्रॅम." तीस वर्षं मुलांच्या सहली आखून मी हेच शिकले होते, तरी प्रत्येक वेळी विसरते.

सोमवारी होल्गर त्याला घेऊन गेला आणि घर एकदम मोठं झालं. टिक्क्यांचं पीठ उरलंय. तू पडून राहा, पाय उशीवर ठेव. आणि उन्हाळ्याचं काय ते कळव. मी घाई करत नाही. पण धाकट्या खोलीला रंग द्यायचा आहे, आणि रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून आपलं विचारलं.

तुझी,
ओर्ट्रुड


म्युन्स्टर, १६ जून १९९२

प्रिय सासूबाई,

तुमचं पत्र मी माल्टेला वाचून दाखवलं. सिंहांच्या जागी तो हसला आणि पिठाच्या जागी त्याने मान डोलावली. तो आनंदात परत आला, यात शंका नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर रोज ट्रॅम चालते. खालच्या पायरीवर स्मारक आहे, वरच्या पायरीवर शेवटचा थांबा. अधूनमधून तो 'ट्रॅमवाली मावशी' असं कोणाबद्दल तरी बोलतो, तिने त्याला सॉसेजचा पाव दिला म्हणे. ती कोण?

पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. मंगळवारपासून माल्टे प्रत्येक सिग्नलला उभा राहून आजूबाजूच्या माणसांना सांगतो, "माझी लाइपझिगची आजी लाल असताना धावते." होल्गर म्हणतो, काल बेकरीसमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला गंभीरपणे विचारलं, "अजून आहे का ती?"

होल्गर हसला. मला हसू आलं नाही. मी माल्टेला खोदून विचारलं. तो ठामपणे म्हणतो, लाल होता, गाड्या होत्या, आणि आजी धावली. एका गाडीने करकचून ब्रेक मारला, हेही तो सांगतो आणि तो आवाज करून दाखवतो.

मी तुमच्याशी वाद घालत नाहीये. त्याने काहीतरी चुकीचं पाहिलं असेल, तर तसं लिहा, मी त्याला समजावीन. पण हे खरं असेल, तर ते का झालं ते मला कळायला हवं. मी फक्त दोनच गोष्टी मागितल्या होत्या.

तुमची,
एल्के


लाइपझिग, २० जून १९९२

प्रिय एल्के,

माल्टेने चुकीचं पाहिलं नाही. मुलाला खोटं पाडू नकोस.

बाहुल्यांच्या खेळाला उशीर होत होता आणि त्या घाईत माझा पाय पुढे पडला. चूक माझी, सर्वस्वी माझी. पुन्हा असं होणार नाही. ट्रॅमवाली मावशी म्हणजे आमच्या ट्रॅमची ड्रायव्हर, तिला मुलं आवडतात.

इथे चेरी भरपूर आल्यात. बाटल्या भरून ठेवतेय. तब्येतीला जप.

तुझी,
ओर्ट्रुड


म्युन्स्टर, २५ जून १९९२

प्रिय सासूबाई,

तुमच्या ९ तारखेच्या पत्रात लिहिलंय की बाहुल्यांच्या खेळाला तुम्ही इतक्या लवकर गेलात की कुलूपही उघडलं नव्हतं. २० तारखेच्या पत्रात लिहिलंय की उशीर होत होता. दोनपैकी एक खरं असणार. कुठलं ते मला माहीत नाही, आणि हेच मला जड जातंय.

मी इथे दिवसभर पडून असते. पडल्यापडल्या विचार करायला वेळ खूप असतो आणि त्याने माझं भलं होत नाही. डोळ्यांसमोर सारखं एकच येतं: तुम्ही माल्टेचा हात धरून, एका बाहुल्यांच्या खेळासाठी, त्याला गाड्यांमधून ओढत नेताय. विभागात मी अशी मुलं पाहिली आहेत. त्यांच्या बरोबरची मोठी माणसंही पाहिली आहेत. सगळी चांगली माणसं असतात.

उन्हाळ्यात माल्टे माझ्या आईकडे राहील. तुमच्या खोलीला रंग दिला नसेल, अशी आशा आहे. दिला असेल तर मला खरोखर वाईट वाटतंय.

तुमची,
एल्के


लाइपझिग, २८ जून १९९२

प्रिय एल्के,

रंग दिलाय. पिवळा. पण त्याबद्दल मी लिहीत नाहीये.

उन्हाळा गेला तो गेला, तो मागायला मी बसलेले नाही. पण तुझ्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ना, ते मी तसं राहू देणार नाही. एल्के, आयुष्यात मी एकदाही, एकाही मुलाचा हात धरून लाल सिग्नल ओलांडलेला नाही. त्या दिवशीही नाही. त्या दिवशी माझा हात रिकामा होता. म्हणूनच मी धावले.

आता सगळं सांगते. आधी बसून घे, म्हणजे झोपलेलीच आहेस ते बरंच आहे. शेवट चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शनिवार होता. आम्ही स्मारकावर निघालो होतो. ट्रॅममध्ये मागच्या डब्यात बसलो, माल्टे खिडकीशी, मांडीवर गेंडा. ओस्टप्लाट्झच्या थांब्याला एक तरुण बाई बाबागाडी घेऊन उतरायला आली. आमच्या ट्रॅमच्या पायऱ्या उंच, तुला माहीत नाही, बाबागाडी उतरवायची म्हणजे पुढचं चाक कोणीतरी धरावं लागतं. कोणीतरी म्हणजे मी, दुसरं कोण? माझे हात अशा वेळी मला विचारत नाहीत. माल्टेला म्हटलं, "बस हं, आलेच." गाडी खाली टेकवली, त्या बाईने आभार मानले, बाळ हसलं, मी बाळाकडे बघून जीभ काढली. तेवढ्यात घंटा वाजली आणि माझ्या पाठीमागे दार मिटलं.

ड्रायव्हरची काही चूक नाही. तिने आरशात पाहिलं असेल, दोन बायका, एक बाबागाडी, उतरून झालंय. मी दारावर थापा मारल्या, पण ट्रॅम निघाली होती. खिडकीत माल्टे होता. त्याने मला गेंड्याचा पाय हलवून टाटा केला.

एल्के, पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं, ते मला साठी उलटल्यावर कळलं. तीस वर्षं दोरीला चाळीस चाळीस मुलं बांधून हिंडले. कोणाचीही मुलं! आणि माझं स्वतःचं एकुलतं एक नातवंड मी हातातून घालवलं, तेही दुसऱ्याच्या बाळाला जीभ काढून दाखवताना.

आता यातली खरी गंमत ऐक. तू मला नियम लिहून पाठवला होतास आणि तो मी वाचलाही होता. पण त्या क्षणी तो डोक्यातून साफ गेला. डोक्यात आला तो आमचा, बालवाडीचा नियम. आमच्या मुलांना आम्ही शिकवायचो: ट्रॅममध्ये एकटे राहिलात तर पुढच्या थांब्यावर उतरा, खांबाला धरून उभे राहा, बाई येतील. मी पुढच्या थांब्यापर्यंत धावत गेले. खांब होता. माल्टे नव्हता. मला वाटलं, घाबरला असेल, एक थांबा पुढे गेला असेल. मी पुढे धावले. तिथेही खांबच. पुढची ट्रॅम पकडायची हिंमत होईना, तो फुटपाथवरून चालत परत येत असला तर चुकामूक व्हायची. म्हणून धावत, चालत, परत धावत. वाटेत दिसेल त्याला विचारत होते, निळी टोपी, हातात गेंडा. एक माणूस म्हणाला, "गेंडा? प्राणिसंग्रहालय तिकडे आहे, बाई." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि तुझा मुलगा काय करत होता? तुझा नियम पाळत होता! तो हरवला कुठे, तर ट्रॅममध्ये. म्हणून तो ट्रॅममध्येच थांबला. स्मारक आलं, गेलं. सगळे उतरले. मॉयस्डॉर्फला शेवटचा थांबा, तिथे ड्रायव्हर डबे बघत मागे आली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "उतरा साहेब, गाडी संपली."

हा म्हणाला, "मला उतरता येणार नाही. मी हरवलोय."

"मग चल, आपण आजीला शोधू."

"शोधायला जायचं नसतं. जिथे हरवलो तिथेच थांबायचं असतं. तू जा, मी इथे आहे."

ती बाई हसून हसून पायरीवरच बसली. मग तिने त्याला पुढच्या डब्यात, आपल्या मागच्या सीटवर यायला तयार केलं. त्यासाठी तिला शपथेवर सांगावं लागलं की पुढचा डबा आणि मागचा डबा मिळून एकच ट्रॅम असते. आपल्या जेवणाच्या डब्यातला अर्धा सॉसेजचा पाव दिला. वायरलेसवर कळवलं, मुलगा आहे, खातोय, आजी सापडली तर सांगा. आणि ट्रॅम वळसा घेऊन परत निघाली.

मी तेव्हा जुन्या जत्रेच्या मैदानापाशी पोचले होते. तोंडचं पाणी पळालेलं, केस सुटलेले, एका बुटाची टाच गेलेली. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे, उलट्या बाजूने ट्रॅम आली. थांबली. पुढच्या खिडकीत निळी टोपी, आणि तो पाव हलवून मला दाखवत होता.

मधे चौपदरी रस्ता. सिग्नल लाल. हॅटवाला लाल माणूस हात पसरून उभा, जाऊ नको म्हणत. आयुष्यभर मी त्याचं ऐकलं, एल्के. पहाटे रिकाम्या रस्त्यावरही ऐकलं. त्या दिवशी मला दिसत होतं की ट्रॅमचं दार उघडं आहे आणि ते पुन्हा मिटणार आहे. मी धावले. एका ट्राबी गाडीने ब्रेक मारला, तिच्या ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "आजी, जगून कंटाळलात का?" मी म्हटलं, "आत्ताच तर सुरुवात करतेय!" कुठून सुचलं देव जाणे.

पायऱ्या चढून आत गेले. माल्टेने माझ्याकडे पाहिलं. तो रडला नव्हता. कुठे होतीस, हेही विचारलं नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आजी, सिग्नल लाल होता."

मी त्याला उचलून घेतलं आणि सगळ्या ट्रॅमसमोर हंबरडा फोडून रडले. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला आणि म्हणत राहिला, "पण लाल होता ना. पण लाल होता." ड्रायव्हर पण डोळे पुसत होती. तिने गाडी उशिरा सोडली त्याबद्दल कोणी एका शब्दाने कुरकुरलं नाही.

मग आम्ही स्मारकावर गेलोच. त्याने मला जिन्यात ढकलत वर नेलं, हे मी लिहिलं होतं ते खरं होतं. फक्त माझे पाय का चालत नव्हते ते लिहिलं नव्हतं.

कोणाला सांगू नकोस असं मी माल्टेला म्हटलं नाही. मुलाच्या गळ्यात असलं ओझं बांधायचं नसतं. मला वाटलं, तो घरी जाऊन सांगेलच, म्हणजे माझी सुटका. पण त्याच्या मते सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली होती, आणि ती म्हणजे मी सिग्नल मोडला. मग तुझं पत्र आलं, आणि मला वाटलं, छोट्या गुन्ह्याची शिक्षा भोगून मोठा लपवता येतो का बघू. नाही आला. मी वाईट खोटं बोलते. बालवाडीत कोणी शिकवलंच नाही.

मला तो हवा होता गं, एल्के. फार हवा होता. म्हणून लपवलं.

तुझी,
ओर्ट्रुड


म्युन्स्टर, ५ जुलै १९९२

प्रिय सासूबाई,

तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दार मिटल्याच्या ओळीवर थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. शेवट चांगला आहे, असं तुम्ही आधीच लिहिलं होतंत, तरीसुद्धा. माल्टे समोर जमिनीवर बसून गेंड्याला पट्टी बांधत होता. त्याच्याकडे बघत बघत पुढचं वाचलं. "तू जा, मी इथे आहे" इथे आल्यावर मला हसू फुटलं आणि आवरेना. पोट इतकं हललं की होल्गर धावत आला, त्याला वाटलं बाळच येतंय. त्याला पत्र दिलं. तो मोठ्याने वाचायला लागला आणि टाच तुटल्यापाशी त्याने पत्र खाली ठेवलं. मग उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तुमचा मुलगा पत्रं लिहीत नाही, पण त्या दिवशी तो बराच वेळ त्या खिडकीशी होता, एवढं तुम्हाला कळावं.

मी माल्टेला विचारलं, "तू हरवला होतास, हे मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "मी थांबलो होतो ना. हरवली होती ती आजी. तीच इकडेतिकडे पळत होती."

आता तुम्हाला एक सांगते, जे मी होल्गरलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. हिवाळ्यात, नाताळच्या गर्दीत, एका मोठ्या दुकानात माल्टे माझ्या हातून सुटला. मी तिन्ही मजले पालथे घातले, ओरडत, लोकांना ढकलत. मी, जी रोज इतर आयांना सांगते, घाबरू नका, शांत राहा. तो जिथे सुटला होता तिथेच, कोटांच्या रांगेखाली बसला होता. तो नियम त्याला मी शिकवला नव्हता, सासूबाई. त्यानेच मला शिकवला. मी नंतर तो माझा म्हणून सगळ्यांना सांगायला लागले. आणि तुमच्या 'हातमोजासुद्धा हरवला नाही' या वाक्याने मी इतकी धास्तावले होते, की या बाईला हे कधी कळता कामा नये, असंच ठरवलं होतं.

म्हणजे आपण दोघी एकमेकींना घाबरत होतो. मला किती हलकं वाटतंय ते लिहिता येत नाही. गेल्या कित्येक आठवड्यांत आज पहिल्यांदा मी दुपारी नीट झोपले.

तुम्ही धावलात, त्याबद्दल माझ्याकडून काही ऐकायची वाट बघत असाल. मी तिथे असते तर मीही धावले असते. अपघात विभागाला मी हे सांगणार नाही.

येत्या शनिवारी होल्गर माल्टेला घेऊन येईल. माझ्या आईला मी कळवलं. ती म्हणाली, "अरेरे," आणि लगेच गालिचा परत अंथरायला गेली, इतका तिचाही जीव भांड्यात पडला. पिवळ्या खोलीबद्दल माल्टेला सांगितलंय. दार किती उघडं ठेवायचं ते खोली बघून तो ठरवेल. ट्रॅमवाल्या मावशीसाठी त्याने सॉसेजचा अख्खा पाव न्यायचं ठरवलंय, अर्धा त्याने खाल्ला म्हणून. तिला शोधून काढा, नाहीतर तो पाव सहा आठवडे तुमच्या घरात राहील.

दोन नियम असले की गोंधळ होतो, म्हणून आज मी त्याला जवळ बसवून एकच नियम सांगितला. म्हटलं, "लाइपझिगमध्ये हरवलास, तर जिथे असशील तिथे थांब. आजी येते."

त्याने गेंड्याची पट्टी सोडली, परत बांधली. विचार केला. मग विचारलं, "सिग्नल लाल असला तरी?"

मी म्हटलं, "लाल असला तरी."

तुमची,
एल्के